वाचलं, पण सांगायचं कसं?

वाचकांच्या बैठकीतलं सगळ्यात निरुपयोगी वाक्य म्हणजे "पुस्तक छान आहे, प्रत्येकाने वाचायलाच हवं." जळगाव असो, धुळं असो की शहादा, अलीकडे वाचलेल्या पुस्तकांवर बोलायला दहा-बारा माणसं जमली की त्यातली निम्मी याच वाक्याने सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात. ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. छान म्हणजे काय? भाषा, माणसं, की नुसता विषय? शेवटपर्यंत छान, की पहिली ऐंशी पानं? ज्याने मन लावून चारशे पानं वाचली त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नाही असं होत नाही. वाचताना त्याने काही धरून ठेवलेलं नसतं, एवढंच.

म्हणून आधी पान, मत नंतर. "एकशे सदतिसाव्या पानावर मी थांबलो" असं म्हणून जो सुरुवात करतो, त्याचं पुढचं बोलणं बहुतेक वेळा ऐकण्याजोगं असतं. मत काय, उसनंही मिळतं. मलपृष्ठावर असतं, प्रस्तावनेत असतं, रविवारच्या पुरवणीत असतं. थांबण्याची जागा मात्र कोणी उसनी देत नाही.

ही जागा धरून ठेवायला फार काही लागत नाही. जाड कागदाची एक पट्टी, दोन बोटं रुंद आणि पुस्तकाच्या उंचीएवढी. खान्देशात कुठल्याही घरात जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा सापडतो, त्यातून वर्षभराच्या पट्ट्या निघतात. हीच पुस्तकातली खूण आणि हीच वही. पट्टीवर फक्त पान क्रमांक आणि दोन-तीन शब्द लिहायचे. आख्खं वाक्य उतरवायला बसलं की हात थकतो, वाचनाची लय तुटते आणि पन्नासाव्या पानाच्या आत टिपणं बंद पडतात. दोनशे-अडीचशे पानांच्या पुस्तकाला पंधरा ते वीस नोंदी पुरतात. साठ झाल्या, तर आपण निवडत नव्हतो, नुसते गोळा करत होतो असं समजावं.

नोंदायचं काय? जिथे मागे वळून परत वाचलं ते पान. जिथे पटलं नाही ते पान. आणि जिथे कंटाळा आला ते पान. हे तिसरं लोक लिहीतच नाहीत, कारण कंटाळा आला म्हणजे आपलंच काही चुकलं असं त्यांना वाटतं. बैठकीत मात्र सगळ्यात कामाची नोंद हीच निघते. चार जणांना एकाच प्रकरणात कंटाळा आला असेल, तर तिथे लेखकाने काय केलं हे उघडून बघता येतं. कथन थांबवून भाषण सुरू केलं का? एकदम पंधरा नवी नावं आणली का? एकच प्रसंग दोन पात्रांकडून दोनदा सांगितला का? कारण सापडलं की "कंटाळवाणं" हा शेरा राहत नाही, निरीक्षण होतं.

पुस्तक संपल्यावर फार तर दुसऱ्या दिवशी ही पट्टी घेऊन बसावं. नोंदलेली पानं परत उघडायची आणि त्यातली पाच ठेवायची, बाकीच्यांवर काट मारायची. आठवडा गेला की पट्टीवरचे दोन शब्द आपल्यालाच कळेनासे होतात. "विहीर – हो!" असं लिहिलेलं असतं, आणि त्या पानावर विहिरीचा उल्लेख तीनदा आलेला असतो.

पुस्तक वाचनालयाचं असेल तर रेघा ओढू नयेत, पेन्सिलीनेसुद्धा. पुढचा वाचक मजकूर सोडून आपल्या रेघाच वाचत बसतो. कोपरा दुमडू नये, कारण जुना पिवळा पडलेला कागद ठिसूळ असतो आणि दुमडल्या जागी तुकडा पडतो. चिकटपट्ट्याही नकोत. आपल्याकडच्या उन्हाळ्यात, कपाटसुद्धा तापतं तेव्हा, त्यांचा डिंक पानावर उतरतो आणि दोन पानं एकमेकांना धरून बसतात. निव्वळ डिंकावर बांधलेली पुस्तकं या हवेत लवकर पानं सोडू लागतात, जुजबंदी केलेली, म्हणजे दोऱ्याने शिवलेली, जास्त टिकतात. विकत घेताना शक्य असेल तर पाठीकडून बघून घ्यावं.

आणखी एक खबरदारी. शीर्षकाच्या पानामागे, जिथे प्रकाशक आणि मुद्रक छापलेले असतात, तिथली आवृत्ती आणि वर्ष लिहून घ्यावं. नव्याने अक्षरजुळणी झाली की पानं सरकतात. एकाच्या हातातलं पान ८२ दुसऱ्याच्या प्रतीत ९५ वर गेलेलं असतं आणि बैठकीची पाच मिनिटं पान शोधण्यात जातात. प्रकरणाचा आकडाही लिहिलेला असला की हा गोंधळ टळतो. कधीकधी दोष बांधणीचा असतो. पुस्तक साधारण सोळा-सोळा पानांच्या फॉर्मने बांधलेलं असतं आणि एखादा फॉर्म गळतो किंवा दोनदा येतो. पान ९६ नंतर एकदम ११३ आलं, तर लेखकाच्या "धाडसी तुटक शैली"चं कौतुक करण्याआधी पानांचे आकडे बघावेत. असं कौतुक खरंच होतं, हसू नका.

आता बोलण्याकडे येऊ. एका माणसाला सात मिनिटं पुरतात. प्रश्नोत्तरांसह दहा धरली, तर दीड तासात आठ जण निवांत बोलतात. या सात मिनिटांचा घात दोन गोष्टी करतात. पहिली म्हणजे कथानक. कादंबरीची गोष्ट सांगायला लागलं की ती संपत नाही. "मग तो पुण्याला जातो, मग तिथे त्याला" असं करत वेळ संपतो, आणि ज्यांना ती वाचायची होती त्यांचंही नुकसान होतं. गोष्टीला चार वाक्यं द्यावीत: माणूस कोण, कुठला, कशात अडकलाय, आणि हे सगळं सांगतंय कोण. चौथा प्रश्न हमखास राहतो. निवेदक स्वतः नायक आहे, शेजारी आहे, की सगळं जाणणारा कोणी आहे, यावर पुस्तकातल्या प्रत्येक वाक्याचा भरवसा ठरतो. दारुड्या नवऱ्याची गोष्ट नवराच सांगत असेल, तर बायकोविषयीचं त्याचं एकही वाक्य सरळ घेता येत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे लेखकाचं चरित्र. जन्म, शिक्षण, पुरस्कार, हे सगळं फोनवर एका मिनिटात मिळतं. त्यासाठी दहा माणसांनी घर सोडून यायची गरज नाही.

सात मिनिटांत मोठ्याने काहीतरी वाचून दाखवावंच. मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्दांच्या वेगाने वाचलं तर मराठी गद्य ऐकणाऱ्याच्या डोक्यात बसतं, आणि नेहमीच्या आकाराच्या पुस्तकात पानाला अडीचशे-तीनशे शब्द असतात. म्हणजे एक पान जवळजवळ अडीच मिनिटं खातं. तेव्हा अर्धं पान, फार तर पाऊण. घरी एकदा मोठ्याने वाचून यावं, कारण मनातल्या मनात सुरेख वाटलेलं लांबलचक वाक्य तोंडात अडकतं तेव्हाच त्याची खरी बांधणी कळते. वाचून झालं की लगेच अर्थ सांगायला धावू नये. पाच-सात सेकंद गप्प बसवत नाही हे खरं, पण तेवढ्यात समोरचा कोणीतरी बोलतो आणि गप्पा सुरू होतात.

आपल्याकडची खरी अडचण मात्र वेगळीच आहे. खान्देशात काही पुस्तकं सगळ्यांनी वाचलेली असतात, म्हणजे कोणी वाचलेलीच नसतात. बहिणाबाईंचंच घ्या. असोद्याला १८८० साली जन्मलेल्या या बाईला लिहितावाचता येत नव्हतं. तिची गाणी मुलाने, सोपानदेवांनी आणि घरातल्यांनी टिपून ठेवली, आणि १९५१ मध्ये ती गेल्यावर, १९५२ साली, आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने ती पुस्तकरूपाने आली. इथे विद्यापीठालासुद्धा तिचं नाव आहे. शाळेत पाठ झालेल्या दोन-तीन कविता सगळ्यांच्या ओठांवर असतात आणि त्या जोरावर "बहिणाबाई वाचल्यात" असं म्हटलं जातं. कविता पाठ असली की ती डोळ्यांपुढून सरकून जाते, वाचली जात नाही.

यावर करून बघण्यासारखा उपाय आहे. पाठ असलेल्या कविता त्या दिवशी बाजूला ठेवायच्या. 'पेरनी', 'कापनी', 'रगडनी', 'उपननी' या चार एकापाठोपाठ घ्यायच्या, कारण शेतातलं कामही याच ओळीने चालतं. मोठ्याने म्हणायच्या, तेही लेवा बोलीचा हेल असलेल्या कोणाकडून, कारण डोळ्यांनी वाचताना उच्चार प्रमाण मराठीकडे ओढले जातात आणि ओवीची चाल मोडते. मग खळ्यात उभं राहून वाऱ्यावर धान्य उपणलेल्या माणसाला पहिलं बोलू द्यायचं. वारा पडला की काय करतात, दाणा कुठे पडतो आणि भूस कुठे उडतं, हे त्याने सांगितल्यावर कविता परत वाचायची. आता मळणी यंत्राने होते, त्यामुळे तिशीच्या आतल्या वाचकाला 'रगडनी'तली बैलांची फेरी नुसती शोभेची वाटते. ती शोभा नाही, कामाचा वेग आहे, आणि कवितेचा वेगही तोच आहे.

साने गुरुजींच्या 'श्यामची आई'चं दुखणं जरा निराळं. गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, छात्रालय सांभाळत होते, म्हणून त्या पुस्तकावर आपला मालकी हक्क आहे असं आपण धरून चालतो. पण पुस्तकातलं बालपण कोकणातलं आहे आणि ते लिहिलं गेलं १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात. त्यातच अत्र्यांचा चित्रपट इतका रुजलाय की चर्चेत पुस्तकाचं नाव घेऊन लोक पडद्यावरचे प्रसंग सांगतात. इथे प्रत उघडी ठेवूनच बोलावं असा नियम कामी येतो. "हे कुठल्या रात्री आलंय?" एवढंच विचारायचं, कारण पुस्तक रात्रींमध्ये विभागलेलं आहे. रात्र सापडली नाही तर तो प्रसंग त्या दिवसापुरता बाद.

आणि 'कोसला'. सांगवीच्या नेमाड्यांची १९६३ सालची ही कादंबरी घेतली की खान्देशी बैठकीत हमखास कोणीतरी म्हणतो, पांडुरंग सांगवीकर म्हणजे मीच. खेड्यातून पुण्याला शिकायला गेलेल्या प्रत्येकाला असं वाटतं, त्यात खोटं काही नाही, पण बोलणं मग पुस्तकावरून घसरून प्रत्येकाच्या वसतिगृहावर जातं आणि परत येत नाही. त्याऐवजी काहीतरी मोजायला द्यावं. पांडुरंगाच्या तोंडचे 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' सगळ्यांना माहीत आहेत. पुण्यातल्या दिवसांची दहा पानं घ्या आणि त्याच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूच्या आसपासची दहा पानं घ्या. दोन जणांनी वेगवेगळं मोजा. आकडे समोर आले की वादाला काहीतरी टेकू मिळतो. नायक कुठे पांघरूण घेतो आणि कुठे ते फेकून देतो हे प्रत्येकाला स्वतः बघता येतं.

बोलायचं कुठल्या भाषेत, हा प्रश्न आपण उगाच टाळतो. "प्रस्तुत कादंबरीत लेखकाने ग्रामीण जीवनाचे वास्तव चित्रण केले आहे" असं कोणी म्हणालं की समजावं, हे मलपृष्ठ बोलतंय. तोच माणूस चहाच्या वेळी शेजाऱ्याला "माले हाई पुस्तक पटनं नही" म्हणतो आणि का पटलं नाही ते दोन मिनिटांत चोख सांगतो. अहिराणीत, तावडीत, लेवा बोलीत मत लपवायला जागा कमी असते; आडोसा देणारे शब्द आपण शाळेतून आणलेले असतात. म्हणून बैठक सुरू करणाऱ्याने स्वतः पहिली दोन वाक्यं घरच्या बोलीत बोलावीत. फर्मान काढून काही होत नाही, एकाने सुरुवात केली की बाकीचे सैल होतात. पण बोलीत बोलायचं म्हणून विनोदी बोलायचं, हा प्रकार नको. अहिराणी म्हणजे हशा, हे समीकरण व्यासपीठांनी करून ठेवलंय, ते वाचकांनी तरी मोडावं.

नंदुरबारकडे गेलं की भिली, पावरी बोलणारे वाचक असतात आणि त्यांच्यासाठी प्रमाण मराठीसुद्धा शिकलेली भाषा असते. शहादा भागातले भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांची 'स्टेज' ही कविता अशा प्रत्येक बैठकीआधी एकदा वाचावी. आपलं दुःख दुसरेच कोणीतरी व्यासपीठावरून आपल्याला सांगतात, याविषयी ती आहे. वाचल्यावर खुर्च्या कशा मांडायच्या, हे वेगळं सांगावं लागत नाही. गोल करायचा. टेबल आणि हार-तुरे नकोत, आणि 'प्रमुख पाहुणे' तर नकोतच.

इतिहासाच्या पुस्तकांचं थोडक्यात सांगतो. धुळेकरांना इथे एक सवय सहज लावून घेता येण्यासारखी आहे. मराठ्यांच्या इतिहासाची साधनं बावीस खंडांत छापणारे वि. का. राजवाडे १९२६ साली धुळ्यातच वारले आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे आहे. ऐतिहासिक कादंबरी किंवा चरित्र यावर बोलताना प्रत्येक ठाम विधानामागे एकच विचारायचं, साधन काय? पत्र, बखर, की लेखकाची कल्पना? बखर ही घटनेनंतर बऱ्याच वर्षांनी लिहिलेली असू शकते, हे लक्षात ठेवलं तरी अर्धे वाद निवळतात. कादंबरीकाराला कल्पनेचा हक्क आहेच. आपण ती कल्पना इतिहास म्हणून घरी नेऊ नये. अनुवादित पुस्तकावर बोलताना अनुवादकाचं नाव न घेता बोलणारे बरेच भेटतात. भाषेचं कौतुक करायचं असेल, तर ते निम्मं तरी त्या माणसाचं असतं.

सगळ्यांनी एकच पुस्तक वाचून यायचं ठरलं, तर आधी हिशोब करावा. वाचनालयाच्या देवघेव विभागातून सात दिवसांसाठी पुस्तक मिळतं असं धरा. हातोहात फिरताना सातचे दहा होतात. नऊ वाचक असतील तर एका प्रतीला नव्वद दिवस लागतात, तोवर पहिल्या वाचकाच्या डोक्यातून पुस्तक गेलेलं असतं. तीन प्रती असतील तर महिन्यात जमतं. एक वाचनालयाची, एक वर्गणीतून, एक कोणाच्या घरची, अशा तीन प्रती तालुक्याच्या गावीही उभ्या राहतात. नाही जमल्या तर कथासंग्रह घ्यावा आणि प्रत्येकाने एकच कथा वाचावी. प्रत दोन दिवसांत पुढे सरकते. पाचशे पानांची कादंबरी पहिल्याच महिन्यात ठरवणारे गट दुसऱ्या महिन्यात दिसत नाहीत.

तारखा आपल्या पंचांगाने ठरवाव्यात. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात माहेरवाशिणी आलेल्या असतात, श्रावणात कानबाई देवीच्या रविवारी घरोघरी नैवेद्याचे रोट असतात, कापूस वेचणीच्या दिवसांत शेतीवाला वाचक येत नाही. एप्रिल-मे मध्ये पारा पंचेचाळीसपर्यंत जातो, तेव्हा संध्याकाळी सातच्या आधी सभागृह भट्टी असतं. पण सातला बोलावलं की स्वयंपाकामुळे बायका गळतात. उन्हाळ्यात म्हणून सकाळी साडेसात ते नऊ बरं, हिवाळ्यात दुपारी चार. पंख्याखाली बसू नये, कारण हळू बोलणाऱ्याचा आवाज आणि पट्टी दोन्ही उडतात. चहा शेवटी ठेवावा. थंडीत कोणीतरी मळ्यात बैठक ठेवूया म्हणतो आणि सोबत वांग्याच्या भरताचा बेत करतो. भरीत आणि कळण्याची भाकरी झाल्यावर साहित्यावर बोलणारा माणूस अजून जन्माला यायचाय, तेव्हा भरीत चर्चेनंतर, ही अट आधीच घालावी.

पुस्तक आवडलं नाही हे सांगायचीही एक रीत आहे. लेखक गावातला किंवा ओळखीचा असेल तर सगळे गोड बोलतात आणि खान्देश काही एवढा मोठा नाही की लेखक ओळखीचा नसेल. अशा वेळी "मला जमलं नाही" असं म्हणून दोन पानांचे आकडे द्यावेत आणि त्यातलं एक वाक्य वाचून दाखवावं. वाक्य वाचून दाखवल्यावर वेगळी टीका करावी लागत नाही, आणि वाक्य चांगलं निघालं तर आपलंच मत बदलतं. अर्धवट सोडलेल्या पुस्तकावरही बोलू द्यावं, मात्र कुठल्या पानावर सोडलं ते सांगायचं. दहाव्या पानावर सोडणाऱ्याला भाषा नडलेली असते, दीडशेव्या पानावर सोडणाऱ्याला बहुतेक रचना.

हे सगळं एका दोनशेपानी वहीत उतरवून ठेवावं. तारीख, पुस्तक, लेखक, असल्यास अनुवादक, प्रकाशक, आवृत्ती, बोलणाऱ्याचं नाव, चर्चेत आलेली पानं, आणि शेवटचे दोन रकाने: बैठकीनंतर पुस्तक कोणी मागून नेलं, आणि ज्यांनी सोडलं त्यांनी कुठे सोडलं. मागून नेणाऱ्यांचा रकाना रिकामा राहिला तर त्या दिवशी बोलणं फार गोड झालं असावं, असा माझा कयास आहे. सोडणाऱ्यांच्या रकान्यात तीन जणांचे आकडे एकाच विशीत पडले, तर पुढच्या महिन्यात नवं पुस्तक घेऊ नये. तेवढीच वीस पानं सगळ्यांनी वाचून यावीत आणि त्यांच्यावरच दीड तास बसावं.